ऑनलाइन तासात आवाज तुटणे आणि तास मध्येच बंद पडणे : दोष कोणत्या टोकाला आहे, हे कसे शोधावे

लक्षणे

पुढील लक्षणांपैकी आपल्याकडे नेमके कोणते दिसते, हे आधी वहीत लिहून ठेवावे, कारण पुढची सगळी तपासणी त्यावरून ठरते.

एकाच विद्यार्थ्याला आवाज तुटक ऐकू येतो आणि बाकीच्यांना सर्व व्यवस्थित ऐकू येते. किंवा याच्या उलट, सर्वच मुले एका वेळी "सर, आवाज कट व्हायलाय" असे चॅटमध्ये लिहू लागतात. सकाळचा तास नीट होतो, पण संध्याकाळी सातनंतर चित्र गोठते. फोनवर रेंजच्या सर्व दांड्या दिसतात, तरी काहीच उघडत नाही. घरी कोणाचा फोन आला की मूल तासातून बाहेर पडते. स्क्रीन काळी झाल्यावर काही मिनिटांत तास तुटतो. वीज जाताच राउटर बंद होतो, किंवा वीज गेल्यावर दोन-तीन तासांनी साऱ्या गावाचीच रेंज जाते. आणि एक लक्षण असे, की तास बरोबर चाळिसाव्या किंवा साठाव्या मिनिटाला सर्वांचाच एकदम संपतो.

यातले शेवटचे लक्षण दोषच नव्हे. झूमच्या विनामूल्य खात्यावर सामूहिक बैठक 40 मिनिटांत संपते आणि गूगल मीटच्या विनामूल्य खात्यावर तीन किंवा अधिक जण असतील तर 60 मिनिटांत. तरीही या एका कारणासाठी मुलांनी फोन पुन्हा पुन्हा बंद-चालू केल्याचे आणि पालकांनी दुसरे सिम घेतल्याचे मी पाहिले आहे. तास 35 मिनिटांचा ठेवावा, दहा मिनिटांची विश्रांती द्यावी आणि त्याच दुव्यावरून किंवा नव्या दुव्यावरून पुन्हा सुरू करावा. मुलांच्या डोळ्यांनाही ते बरे.

मी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हापासून ऑनलाइन तासांचे काम माझ्याकडे आले आणि ते अजूनही संपलेले नाही. जुलैमध्ये आमच्याकडे घाटमाथ्यावरचा पाऊस लागून राहिला, ओढे-नाले भरले आणि जिल्हा प्रशासनाने शाळांना सुट्टी दिली, की दहावीचे तास फोनवरच घ्यावे लागतात. पुन्हा एसएसएलसीची, म्हणजे कर्नाटकातील दहावीची, परीक्षा जवळ आली, की सकाळ-संध्याकाळचे जादा तासही तसेच होतात. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूच्या वाड्यांपासून थेट निपाणीजवळ आजोळी राहणाऱ्या मुलांपर्यंत अनेकांचे फोन मी हातात घेऊन किंवा दूरवरून सांगून दुरुस्त केले आहेत. दोष बहुतेक वेळा तोच असतो आणि बहुतेक वेळा तो पैसे न खर्चता निघतो. म्हणून ज्या क्रमाने मी तपासतो, तोच क्रम येथे देत आहे : आधी फुकटचे, मग थोड्या खर्चाचे आणि शेवटी दुसऱ्याच्या हाती सोपवायचे.

पहिला प्रश्न : तुटते कोणाकडे?

कोणतेही बटण दाबण्याआधी शिक्षकाने तासातच तीन मुलांना नावाने विचारावे, आणि ही तीन मुले वेगवेगळ्या गावांतील व वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम वापरणारी असावीत. तिघांनाही आवाज तुटक येत असेल, तर दोष शिक्षकाच्या टोकाला आहे. एकालाच येत असेल, तर तो त्या मुलाच्या टोकाला आहे. एकाच गावातील सर्व मुलांना येत असेल आणि इतरांना नाही, तर तो त्या गावाच्या टॉवरचा किंवा विजेचा आहे.

हा प्रश्न मी पहिल्या वर्षी विचारत नव्हतो. त्यामुळे एका मुलीला मी पंधरा दिवस "तुझ्याकडे रेंज नाही, जागा बदल" असे सांगत राहिलो आणि ती बिचारी पावसात परड्यात छत्री धरून बसत राहिली. प्रत्यक्षात माझ्याच घरचा राउटर लोखंडी कपाटामागे ठेवलेला होता. ती मुलगी सर्वांत मोकळेपणाने बोलणारी असल्यामुळे तक्रार फक्त तिची येत होती. इतर मुले गप्प राहून तुटक आवाजातच तास ऐकत होती. तेव्हापासून एकाच्या तक्रारीवरून मी निष्कर्ष काढत नाही आणि तासातील गप्प राहणाऱ्या मुलांना आधी विचारतो.

शिक्षकासाठी आणखी एक सोपी खूण आहे. घरातील दुसरा फोन, शक्यतो दुसऱ्या कंपनीच्या सिमवर, विद्यार्थी म्हणून त्याच तासात जोडावा, त्याचा माइक बंद ठेवावा, कानाला इयरफोन लावावा आणि दोन मिनिटे स्वतःचा आवाज ऐकावा. मुलांना काय ऐकू येते, हे त्यातून जितके स्पष्ट कळते तितके मुलांच्या वर्णनातून कळत नाही.

मुलाच्या टोकाला : एक पैसाही न लागणाऱ्या तपासण्या

सर्वांत आधी फोन फ्लाइट मोडवर टाकून दहापर्यंत अंक मोजावेत आणि मग तो मोड काढावा. एवढ्याने फोन टॉवरशी नव्याने नोंद करतो. दिवसभर शेतावर, बाजारात किंवा बसमध्ये फिरलेला फोन कधी कधी दूरच्या टॉवरला किंवा जुन्या जोडणीला चिकटून राहतो आणि जवळचा टॉवर असूनही तिकडे वळत नाही. त्याने फरक पडला नाही, तर फोन पूर्ण बंद करून चालू करावा. त्याच वेळी तारीख व वेळ बरोबर आहे का, तेही पाहावे. बॅटरी पूर्ण उतरलेल्या जुन्या फोनमध्ये तारीख अनेक वर्षे मागे गेलेली असते आणि मग सुरक्षित संकेतस्थळे व ॲप जोडणी नाकारतात, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत फोनच्या तारखेशी जुळत नाही. तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' ठेवावी.

यानंतर दिवसाचा डेटा शिल्लक आहे का, हे पाहावे. माझ्या अनुभवात संध्याकाळच्या तक्रारींचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. बहुतेक घरांत रोजच्या ठरावीक डेटाचे रिचार्ज असते. ती मर्यादा संपली की नेट बंद होत नाही, तर अनेक योजनांत त्याचा वेग 64 केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला अवघ्या 64 किलोबिटवर, उतरतो. पालकांना वाटते, नेट तर चालू आहे, व्हॉट्सॲपचे संदेशही येत आहेत. पण बैठकीच्या ॲपला नुसत्या आवाजासाठीच साधारण 60 ते 80 केबीपीएस लागतात आणि चित्रासह तास पाहायचा तर सुमारे 600. म्हणजे 64 च्या वेगावर आवाज तुटणारच; रेंज कितीही चांगली असली तरी तो तुटेल.

हाच हिशेब उलटा करून पालकांना सांगितला की त्यांना लगेच पटतो. 600 केबीपीएसने तासभर चित्र पाहिले तर सुमारे 270 एमबी खर्च होतात. 80 केबीपीएसने नुसता आवाज ऐकला तर केवळ 36 एमबी. घरात एकच फोन असेल आणि थोरला भाऊ दुपारभर व्हिडिओ पाहत असेल, तर सातच्या तासाला धाकटीच्या वाट्याला काही उरत नाही. अशा घरांत मी भावाला रागावत नाही. रोज सकाळी डेटाची शिल्लक वहीत लिहायची आणि तासापुरते 300 एमबी राखून ठेवायचे, एवढेच सांगतो. व्हॉट्सॲपमधील फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणे आणि ॲपचे आपोआप अद्ययावत होणे बंद केले, तरी बराच डेटा वाचतो.

तिसरी तपासणी फोन येण्याची. तासाच्या मध्ये मामाचा फोन येतो आणि मूल बाहेर पडते, अशी तक्रार असेल तर सेटिंग्जमध्ये 'व्होल्टी' किंवा 'फोर जी कॉलिंग' चालू आहे का, ते पाहावे. ते बंद असेल तर फोन आल्यावर जोडणी जुन्या, संथ जाळ्यावर उतरते आणि नेट थांबते. दोन सिमच्या फोनमध्ये दुसऱ्या सिमवर बोलणे चालू असताना पहिल्या सिमचा डेटा थांबणे, हेही पुष्कळ फोनमध्ये घडते. त्यावर खात्रीचा उपाय एकच : तासाच्या वेळेपुरते दुसरे सिम सेटिंग्जमधून बंद ठेवावे आणि नातेवाइकांना ती वेळ सांगून ठेवावी. आमच्याकडच्या एका आजीने भिंतीवर खडूने "७ ते ८ फोन करू नका, बाळ शिकतोय" असे लिहून ठेवले होते. फोन करणाऱ्यांना ते दिसत नव्हते, पण घरातल्या घरात कोणी फोन मागायला येत नसे आणि तेही मोठे काम झाले.

स्क्रीन काळी झाल्यावर तास तुटत असेल, तर बॅटरी वाचवणारी सोय त्याला कारणीभूत असते. फोन पाठीमागे चालणारी ॲप बंद करतो आणि त्यांत बैठकीचे ॲपही बंद होते. सेटिंग्जमध्ये ॲपच्या नावावर जाऊन बॅटरीचे बंधन काढावे, 'बॅटरी सेव्हर' व 'डेटा सेव्हर' दोन्ही बंद ठेवावेत. कमी रॅमच्या फोनवर एवढे करूनही भागत नाही; तेथे तासापूर्वी बाकीची सर्व ॲप बंद करावीत आणि फोनची जागा भरली असेल तर जुने व्हिडिओ काढून एक-दोन जीबी मोकळी करावी. फोन चार्जिंगला लावून तास पाहू नये. तो तापतो, आणि तापलेला फोन स्वतःचा वेग आपणहून कमी करतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात ही अडचण हमखास येते.

बसण्याची जागा

रेंजच्या दांड्यांवर विश्वास ठेवू नये. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. खरा आकडा फोनमध्येच असतो : सेटिंग्ज, मग 'अबाउट फोन', मग 'सिम स्टेटस' आणि तेथे 'सिग्नल स्ट्रेंग्थ'. फोर जी जाळ्यावर हा आकडा उणे असतो आणि डीबीएम या सिग्नलची शक्ती मोजण्याच्या एककात दिसतो. उणे 90 च्या आसपास असेल तर काळजी नाही, उणे 105 पर्यंत तास निभावतो, उणे 110 च्या पुढे आवाज तुटू लागतो आणि उणे 120 च्या आसपास जोडणीच टिकत नाही. आकडा शून्याकडे जितका जवळ तितका सिग्नल चांगला, हे मुलांना एकदा उदाहरणाने समजावून द्यावे; पूर्णांक शिकवताना मला त्याचा फार उपयोग झाला.

मग वही-पेन्सिल घेऊन मुलाने घरभर फिरावे आणि प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबून आकडा लिहावा. कणकुंबी रस्त्यावरील एका वाडीत जांभ्या दगडाच्या जाड भिंतींचे, वर पत्रे घातलेले घर होते. सोप्यात मुलगा बसायचा तेथे आकडा उणे 118 होता, माजघरात तर फोन 'नो सर्व्हिस' दाखवत होता. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात, पश्चिमेकडे उघडणाऱ्या खिडकीच्या कट्ट्यावर तो उणे 104 झाला. चौदा आकड्यांचा हा फरक ऐकायला लहान वाटतो, पण दर दहा डीबीएमला शक्ती दहापट बदलते, म्हणजे त्या कट्ट्यावर सिग्नल सोप्याच्या सुमारे 25 पट होता. त्याच्या आईने भाकरीची परात दुसरीकडे हलवली, कट्ट्यावर फडके घालून फोन उभा करायला पितळी तांब्याचा आधार दिला आणि त्या वर्षी त्या मुलाचा एकही तास चुकला नाही. फोन कट्ट्यावर ठेवून इयरफोन लावला तर मूल दोन हात लांब, कोरड्यात बसू शकते.

पत्रा सिग्नल परतवतो, जाड दगडी भिंत तो शोषते आणि पावसात भिजलेली झाडांची पाने त्याला आणखी अडवतात. म्हणून उन्हाळ्यात जी जागा चालते ती आषाढात चालेलच असे नाही. पाऊस लागल्यावर आकडे पुन्हा घ्यावेत.

येथे एक गोष्ट मी निक्षून सांगतो. रेंज शोधण्यासाठी मुलाला पाण्याच्या टाकीवर, झाडावर, डोंगरावर किंवा रानात पाठवू नये. भीमगड अभयारण्याच्या आजूबाजूच्या गावांत अस्वल आणि गवा यांचे भय खरे आहे, आणि वळिवाच्या विजा उघड्या माळावर उभ्या असलेल्या मुलाला सोडत नाहीत. घर आणि परडे एवढ्यात जागा सापडली नाही, तर ऑनलाइन तासच त्या मुलासाठी योग्य नाही, असे समजून या लेखाच्या शेवटी दिलेली दुसरी वाट धरावी. तास बुडाला तर मी तो पुन्हा घेईन.

सीमेवरचा खास दोष : रोमिंग

ही तपासणी इतर जिल्ह्यांतील लेखांत सहसा आढळत नाही, पण आपल्याकडे ती हटकून करावी लागते. दूरसंचाराच्या दृष्टीने कर्नाटक हे एक क्षेत्र आहे आणि महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे. निपाणी, कागवाड, बेळगावचा पश्चिम भाग, खानापूरची चंदगडकडील आणि गोव्याकडील बाजू, येथे फोनला दोन्ही क्षेत्रांचे टॉवर दिसतात. आपल्या लोकांचे सोयरसंबंध गडहिंग्लज, चंदगड, कोल्हापूर, मिरज येथे असल्याने घरात बेळगावचे एक आणि महाराष्ट्रातून घेतलेले एक अशी दोन सिम असणे हे नित्याचेच आहे.

अशा घरात घडते ते असे. सिम महाराष्ट्राचे आहे, घर कर्नाटकात आहे आणि 'डेटा रोमिंग' बंद आहे. मग फोन लागतो, संदेश जातो, दांड्या पूर्ण दिसतात, पण नेट शून्य. किंवा सिम बेळगावचेच आहे, पण घराच्या पश्चिमेच्या खिडकीत फोन पलीकडच्या टॉवरला जाऊन लागतो. याची खूण म्हणजे दांड्यांजवळ 'आर' हे रोमन अक्षर दिसते, किंवा पडद्यावर पलीकडच्या क्षेत्राचे स्वागताचे संदेश येत राहतात. फोन दोन्ही क्षेत्रांमध्ये ये-जा करत असेल तर दर वेळी चालू जोडणी तुटते आणि मूल तासातून बाहेर फेकले जाते. पंधरा मिनिटांत तीन-चार वेळा बाहेर पडणाऱ्या मुलाचे घर जर सीमेच्या पट्ट्यात असेल, तर मी सर्वांत आधी हेच पाहतो.

उपाय दोन आहेत. 'डेटा रोमिंग' चालू करावे. देशांतर्गत रोमिंगचा समावेश सध्याच्या बहुतेक रिचार्जमध्ये असतो, तरी आपल्या रिचार्जचा मजकूर वाचून खात्री करून घ्यावी. आणि जाळे निवडण्याची सोय 'ऑटोमॅटिक' वरून काढून आपल्या क्षेत्राचे नाव हाताने निवडावे, म्हणजे फोन ये-जा करणे थांबवतो. हाताने निवडलेले जाळे प्रवासाला निघताना पुन्हा 'ऑटोमॅटिक' करायला विसरू नये, अन्यथा कोल्हापूरच्या स्टँडवर फोन मुका होतो. फाइव्ह जी फोन असेल आणि गावात फाइव्ह जी अर्धवट येत असेल, तर तेथेही अशीच ये-जा होते; जाळ्याचा प्रकार फोर जी ठेवावा. एवढे करूनही नेट येत नसेल, तर सेटिंग्जमध्ये एपीएनच्या (फोनला कंपनीच्या नेटशी जोडणाऱ्या नोंदीच्या) पानावर जाऊन 'रीसेट टू डिफॉल्ट' करावे.

शिक्षकाच्या टोकाला

येथे थोडा खर्च येऊ शकतो. मुलांना उतरवण्याचा (डाउनलोड) वेग लागतो, पण शिक्षकाला चढवण्याचा (अपलोड) वेग लागतो, आणि वेग मोजताना आपण बहुतेक वेळा पहिलाच आकडा पाहून समाधान मानतो. ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या मायस्पीड ॲपने दोन्ही मोजता येतात. चढवण्याचा वेग एक एमबीपीएसच्या (1000 केबीपीएसच्या) खाली जात असेल, तर स्वतःचा कॅमेरा बंद करावा आणि फक्त फळा किंवा पडदा दाखवावा. स्थिर पडदा दाखवायला 50 ते 75 केबीपीएससुद्धा पुरतात. मुलांना माझा चेहरा दिसावा असे मलाही वाटते, म्हणून पहिली दोन मिनिटे कॅमेरा लावून सर्वांची विचारपूस करतो आणि मग तो बंद करतो.

घरी राउटर असेल तर तो लोखंडी कपाट, फ्रीज आणि आरसा यांच्यापासून दूर, उघड्यावर, उंचीवर ठेवावा. राउटरवर दोन जाळी दिसत असतील तर जाड भिंतीपलीकडे 2.4 गिगाहर्ट्झचे जाळे जास्त पोहोचते आणि त्याच खोलीत 5 गिगाहर्ट्झचे वेगवान चालते. दोष वायफायचा की बाहेरच्या लाइनचा, हे एका साध्या लॅन केबलने कळते : संगणक केबलने थेट राउटरला जोडून तास घ्यावा. आवाज सुधारला तर लाइन ठीक आहे आणि दोष वायफायमध्ये आहे. सुधारला नाही तर वायफायवर आणखी वेळ घालवू नये.

आवाज घुमत असेल, तर तो जोडणीचा दोष नसून लाउडस्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरत असतो. साधा वायरचा इयरफोन लावला की तो थांबतो. आणि ज्या दिवशी गावोगाव संध्याकाळी नेट वापरणाऱ्यांची गर्दी असते, त्या दिवशी काही केले तरी टॉवर पुरत नाही. मी एसएसएलसीचे तास संध्याकाळी साडेसातवरून सकाळी साडेसहावर आणले आणि निम्म्या तक्रारी तेवढ्यानेच थांबल्या. गोठ्यातली कामे असणाऱ्या मुलांना ही वेळ जड जाते, म्हणून ती त्यांना विचारूनच ठरवावी.

वीज

वीज जाताच नेट जात असेल तर राउटरला वीज नाही, इतके सरळ आहे. बहुतेक राउटर 12 व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या चार्जरवरील व्होल्ट आणि ॲम्पियर हे दोन्ही आकडे यूपीएसशी जुळवून पाहावेत. व्होल्ट चुकले तर राउटर जळतो.

वीज गेल्यावर दोन-तीन तासांनी साऱ्या गावाची रेंज जात असेल, तर टॉवरची बॅटरी उतरलेली असते. अशा वेळी फोन बंद-चालू करत राहण्यात अर्थ नाही. टॉवर न सापडल्याने फोन पूर्ण शक्तीने शोध घेत राहतो आणि त्याचीही बॅटरी संपते. फोन फ्लाइट मोडवर टाकून वीज येईपर्यंत पुस्तक उघडावे.

येथे थांबावे

काही दोषांना घरातील कोणी हात लावू नये.

घरातील दिवे कधी एकदम प्रखर तर कधी मंद होत असतील, किंवा राउटर व चार्जर एकामागून एक जळत असतील, तर न्यूट्रल (विजेच्या जोडणीतील परतीची तार) सुटलेला असण्याची दाट शक्यता असते. मेन स्विच बंद करावा आणि 1912 वर तक्रार करून लाइनमनला बोलवावे. हा प्राणाशी गाठ असलेला दोष आहे, त्यात वायर दाबून पाहणे, टेप लावणे असले काही करू नये. विजा चमकू लागल्या की राउटरची पिन आणि त्याला येणारी तांब्याची केबल दोन्ही काढून ठेवाव्यात.

फोनची पाठ फुगली असेल, पडदा एका कडेने वर उचलला असेल, तर बॅटरी फुगलेली आहे. तो फोन चार्जिंगला लावू नये, दाबू नये, मुलाच्या हाती देऊ नये. थेट दुरुस्तीवाल्याकडे न्यावा.

फायबर असेल आणि डब्यावर 'लॉस' असे लिहिलेला दिवा लाल लागला असेल, तर प्रकाश आपल्या घरापर्यंत पोहोचत नाही. आपण एवढेच पाहावे की पिवळी किंवा काळी बारीक वायर कोठे काटकोनात दुमडली तर नाही ना. ती काढून तिच्या टोकात डोळा लावून पाहू नये, कारण आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. खांबांमधली केबल वानरांनी ओढलेली असते किंवा पावसात फांदी पडलेली असते. जोडणे हे फायबर जोडणाऱ्या माणसाचेच काम आहे.

बाजारात 'रेंज वाढवणारी' यंत्रे मिळतात. ती घेऊ नयेत. परवान्याशिवाय सिग्नल बूस्टर बसवणे बेकायदेशीर आहे आणि त्यामुळे शेजारच्या दहा घरांची रेंज बिघडते.

घरात सर्वत्र आकडा उणे 115 च्या पलीकडे असेल, रोमिंग तपासून झाले असेल आणि डेटाही शिल्लक असेल, तर दोष आपल्या हातातला नाही. मोबाइल कंपनीच्या 198 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक वहीत लिहावा. तक्रार करताना नुसते "रेंज नाही" असे सांगू नये. गावाचे नाव, पिनकोड, कोणत्या जागी कोणत्या वेळी किती डीबीएम, आणि गावातील आणखी कोणाकोणाला हाच त्रास आहे, हे सांगावे. निराकरण झाले नाही, तर ट्रायच्या 2012 च्या नियमांनुसार त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे विनामूल्य अपील करता येते आणि त्याचा निर्णय 39 दिवसांत द्यावा लागतो. वहीतले डीबीएमचे आकडे अशा वेळी उपयोगी पडतात. आमच्या एका वाडीतील सात पालकांनी एकत्र आकडे लिहून पाठवले, तेव्हा पाहणीसाठी माणूस आला.

तोवर त्या मुलाचे काय करायचे? साधा फोन लागत असेल तर कॉन्फरन्स कॉलवर साधारण पाच जणांना एकत्र घेता येते आणि त्याला नेट लागत नाही. आदल्या दिवशी प्रमेयाची आकृती व उदाहरणे कागदावर काढून, शाळेत किंवा दूध डेअरीत येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवावीत. डेअरीतले नेट चालत असेल तर दूध घालायला येणाऱ्या वडिलांच्या फोनवर पाच-सात मिनिटांचे आवाजाचे संदेश सकाळी उतरवून घेता येतात आणि मूल ते घरी नेटशिवाय हवे तितक्या वेळा ऐकू शकते. कर्नाटक सरकारच्या 2020 च्या विद्यागम योजनेत आम्ही शिक्षक गावच्या देवळात आणि समाजमंदिरात मुलांकडे जात होतो. आठवड्यातून एकदा तसे जाणे आजही शक्य आहे, आणि ज्या दोन वाड्यांत माझ्या वहीतला आकडा कोठेच उणे 115 च्या आत येत नाही, तेथे मी दर शनिवारी दुपारी जातो.